शहराचे छायाचित्र निषेध केव्हा ठरते?

उभी_फ्रेम

लालबाग, परळ, करी रोड आणि शिवडी या पट्ट्यात गेली काही वर्षे मी छायाचित्रे काढत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे करायचे ठरवले. २००१ च्या दुरुस्तीने ते वाटे केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरते उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. हा इतिहास येथील बहुतेकांना ठाऊक आहे. चिमण्या, अर्धवट पाडलेल्या भिंती आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले मनोरे यांची माझी छायाचित्रे मी या व्यवहाराचा निषेध म्हणूनच काढतो.

माझी अडचण पुढेच आहे. एका जुन्या गिरणीच्या आवारात उघडलेल्या उपाहारगृहात गेलो असता, प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या भिंतीवर कापड विणण्याच्या साच्यांची आणि पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची मोठमोठी कृष्णधवल छायाचित्रे लावलेली दिसली. ती माझ्या छायाचित्रांपेक्षा चांगली होती आणि त्यांच्याखाली एक अक्षरही लिहिलेले नव्हते. आता आमच्या भागातील एका गणेशोत्सव मंडळाने माझी छायाचित्रे मांडवाशेजारी लावण्याची तयारी दाखवली आहे. मात्र कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी ती पाहून ‘छान आहेत, पण यात भांडण कुठे आहे?’ असे विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

छायाचित्र निषेध ठरते ते काढणाऱ्याच्या हेतूने, त्यात जे दिसते त्याने, की ते कोठे व कसे लावले आहे यावरून? जाणकारांनी आणि विशेषतः या भागात राहणाऱ्यांनी सांगावे.

चहाटळ

उपाहारगृहाचे नाव विचारत नाही, परंतु तेथे वडापाव किती रुपयांना मिळतो तेवढे कळवल्यास निषेधाची तीव्रता ठरवणे सोपे जाईल.

निगेटिव्ह

हेतूने काहीही ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. नारायण विनायक विरकर या मुंबईच्या छायाचित्रकारांचे उदाहरण घ्या. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर १९१९ मध्येच त्यांनी अमृतसरला जाऊन तेथील छायाचित्रे काढली. त्यांपैकी प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रात प्रेत नाही, रक्त नाही, घोषणाही नाही. एक विटांची भिंत आहे, तिच्यावर गोळ्यांच्या खुणा आहेत आणि भिंतीशेजारी उभी असलेली माणसे त्या खुणांकडे बोट दाखवत आहेत. चित्राची मांडणी पाहिली तर ती पंचनाम्याइतकी कोरडी आहे.

तरीही ज्या सरकारला ही घटना शक्य तितकी लहान करून सांगायची होती, त्याला अडचणीत आणणारे चित्र हेच होते. कोणत्या शहरातील, कोणती भिंत आणि कोणत्या वर्षी, हे त्या चित्रापासून वेगळे काढता येत नाही. नुसत्या भिंतीला पडलेली भोके कशाचीही असू शकतात, म्हणून तेथे बोट दाखवणारा माणूस हवा. उभी_फ्रेम, आपण उल्लेख केलेल्या भिंतीवरील चित्रांतून नेमके हेच काढून घेतलेले आहे. गिरणीचे नाव नाही, खाते नाही, साल नाही, त्यामुळे ती सजावट म्हणून कोठेही चालतात. आपल्या छायाचित्रांखाली आपण काय लिहिले आहे?

उभी_फ्रेम

प्रामाणिकपणे सांगायचे तर क्रमांक आणि माझी सही.

निगेटिव्ह

मग त्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न रास्त आहे.

अनिवासी_ग्लासगो

निगेटिव्ह यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे, कारण जागा आणि साल लिहिलेली छायाचित्रे सत्तेलाही तितकीच उपयोगी पडतात. मी ज्या शहरात राहतो तेथील जुन्या, कोंदट गल्ल्यांची छायाचित्रे थॉमस ॲनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात काढली. आज ती पाहताना कोणालाही गरिबांच्या बाजूची वाटतील. दोन्ही बाजूंनी ओथंबलेल्या भिंती आहेत, मध्ये वाहणारे गटार आहे आणि छायाचित्र टिपणारी काच बराच वेळ उघडी ठेवावी लागत असल्याने हलणारी मुले धुरासारखी उमटली आहेत. पण ती काढवून घेतली होती शहर सुधारणा ट्रस्टने, या गल्ल्या पाडण्यापूर्वीची नोंद म्हणून.

न्यूयॉर्कचे जेकब रिस तर हाडाचे सुधारक होते. अंधाऱ्या खोल्यांत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून त्यांनी स्थलांतरितांच्या वस्त्या उजेडात आणल्या. त्या चित्रांनी शहर हादरले आणि मलबेरी बेंड ही वस्ती पाडून १८९७ मध्ये तेथे बाग झाली. बाग उत्तम आहे, परंतु वस्तीतील माणसांना त्या बागेत राहता येत नव्हते.

मुंबईकरांना याचे नवल वाटू नये. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने अस्वच्छतेच्या नावाखाली नागपाड्यासारख्या भागांत पाडापाड केली. रोगी घरे पंपाने धुणाऱ्या पथकांची त्या काळातील छायाचित्रे उपलब्ध आहेत, ती अवश्य पाहावीत. पंप चालवणारे रुबाबात उभे आहेत आणि ज्यांची घरे धुतली जात आहेत ते कडेला, कॅमेऱ्याकडे न पाहता. गलिच्छ गल्लीचे छायाचित्र आपण निषेध म्हणून लावावे आणि पाहणाऱ्याने ‘पाडा एकदाचे’ म्हणावे, ही शक्यता धारावीच्या बाबतीत तर आजही डोळ्यांसमोर आहे.

तिसरा_मजला

मी नायगावच्या बीडीडी चाळीत लग्न होऊन आले, तेव्हा जाणकार म्हणून नाही तरी या भागात राहणारी म्हणून लिहिते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे आणि वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्यासुद्धा. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी कॅमेरे घेऊन येणाऱ्या मंडळींना मात्र ही बातमी ऐकून दुःख होते, याची आम्हाला मोठी गंमत वाटते. चाळ संस्कृती लोप पावत असल्याबद्दल आमच्याच दारात उभे राहून ते आमचे सांत्वन करतात.

एकदा एका तरुणाने आमच्या गॅलरीचे छायाचित्र घेताना दारातला निळा पिंप बाजूला करता येईल का, असे अतिशय नम्रपणे विचारले. प्लास्टिकमुळे जुनेपणा बिघडत होता. तो पिंप तेथे असतो कारण पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि आत ठेवायला जागा नाही. भरलेला असल्यामुळे तो हलवणे शक्यही नव्हते. उभी_फ्रेम, आपल्या छायाचित्रांत पिंप आहेत की नाहीत, हे मला आधी जाणून घ्यायचे आहे. गोळीच्या खुणेकडे बोट दाखवणारा माणूस हवा असेल, तर आमच्याकडे बोट दाखवायच्या जागा पुष्कळ आहेत, पण त्या कोणी विचारत नाही.

उभी_फ्रेम

तिसरा_मजला, पिंप काही चित्रांत आहेत, पण माणसे जवळजवळ नाहीत. पहाटे रिकामे रस्ते मिळावेत म्हणून मी मुद्दाम लवकर जात असे. ग्लासगोचा प्रतिसाद वाचल्यापासून तो रिकामेपणा मला खटकू लागला आहे.

रंगपेटी

यावर एक सोपा उपाय सुचवते: कृष्णधवल बंद करा. रंग काढला की कालचा फोटो पन्नास वर्षे जुना वाटतो आणि आज चाललेली गोष्ट केव्हाच होऊन गेलेली वाटते. रघुवीर सिंग यांनी मुंबई रंगांत दाखवली ती उगाच नव्हे. निळा पिंप निळाच दिसला पाहिजे.

निगेटिव्ह

हा सरसकट नियम मला मान्य नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली, ती कृष्णधवलच आहेत आणि ती पाहून कोणाच्याही मनात गतकाळाचे हळवेपण येत नाही. कचऱ्याच्या ढिगात, गटारात उतरलेले कामगार त्यांत आहेत, तसेच काम संपवून घरी आलेले, कुटुंबात बसलेले तेच कामगारही आहेत. रंग असता तर घाणीकडे आधी लक्ष गेले असते, असे मला वाटते. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि गटारात माणूस उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ पासून आहे. तरीही गटारात गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, तेव्हा छायाचित्राच्या ताकदीबद्दल फार मोठ्या अपेक्षाही नसाव्यात.

रंगपेटी

ओलवे यांच्यापुरता मुद्दा मागे घेते. उपाहारगृहापुरता घेत नाही.

वकिली_चष्मा

चर्चेत व्यावहारिक बाजू राहून गेली आहे, म्हणून थोडे लिहितो. सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीचे छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे याने कॉपीराइटचा भंग होत नाही, हे १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्येच स्पष्ट आहे. मात्र गिरणीच्या आवारातील मॉल किंवा कार्यालये ही खासगी मालमत्ता असल्याने तेथे मालकाचा नियम चालतो, रेल्वेच्या हद्दीत परवानगीचा प्रश्न येतो, आणि १९२३ चा शासकीय गुपिते कायदा ज्या जागांना निषिद्ध ठरवतो तेथे शहाणपण करू नये.

एकाच कामगार वस्तीची जमीन टप्प्याटप्प्याने खासगी आवारात गेली की तिचे छायाचित्र काढण्याचा हक्कही तिच्याबरोबर आत जातो, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. पूर्वीच्या गिरणीच्या फाटकावरही पहारेकरी होता आणि आताच्या फाटकावरही आहे. आताचा पहारेकरी तिपाई पाहून धावत येतो आणि ‘मोबाइलने काढा साहेब, तो मोठा कॅमेरा नको’ असे सांगतो. त्याला दिलेल्या सूचनेत जाहिरातीचा फोटो आणि तक्रारीचा फोटो असा भेद नसतो, फक्त यंत्राचा आकार असतो.

चहाटळ

याचा अर्थ निषेध करायचाच असेल तर तो खिशात मावेल एवढा असावा.

गोरेगाव_पूर्व

चहाटळ यांनी विनोद केला असला तरी आरेच्या बाबतीत अगदी तसेच घडले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. लोक धावले, रस्ते अडवले गेले, २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती.

त्या रात्री मोबाइलवर काढलेली छायाचित्रे कलेच्या कोणत्याही कसोटीला उतरणार नाहीत. काळोख, यंत्राचा दिवा आणि त्या दिव्यात एक आडवे झालेले खोड, एवढेच. परंतु तोड रात्री चालू आहे, निकालाच्या रात्रीच चालू आहे, हे त्यांच्यामुळेच शहराला झोपेतून उठण्यापूर्वी कळले. दुसऱ्या दिवशी उजेडात काढलेल्या सुबक छायाचित्रांत फक्त तुटलेली झाडे होती. वेळ हाच ज्या गोष्टीतला मुख्य आरोप आहे, तेथे वेळ दाखवणारे छायाचित्र चांगले, मग ते कितीही हललेले असो.

मोघम

येथपर्यंत सर्वांचा सूर ‘नाव लिहा, जागा लिहा, वेळ लिहा’ असा आहे. मी मुद्दाम विरुद्ध बाजू मांडतो. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे बंडखोरांनी शहराचा कारभार हाती घेतला त्या वेळी बंडखोर नागरिक रस्त्यांवरच्या अडथळ्यांपुढे आणि पाडलेल्या वाँदोम स्तंभापाशी अभिमानाने छायाचित्रासाठी उभे राहिले. कम्यून चिरडल्यावर पोलिसांनी माणसे ओळखण्यासाठी अशीच छायाचित्रे वापरली. आज तर चेहरे ओळखणारी संगणकीय यंत्रणा पोलिसांच्या हाती आहे. मोर्चातील माणसाचा चेहरा, तारीख आणि चौक आपणच नीटनेटका लिहून देणे म्हणजे त्यांचे अर्धे काम करणे होय.

निगेटिव्ह

मोघम यांचा धोका खरा आहे, परंतु दुसरेही उदाहरण मुंबईचेच आहे. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३०-३१ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर काढलेल्या सुमारे अडीचशे छायाचित्रांचा एक अल्बम अल्काझी संग्रहात आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०२५ मध्ये त्यावर प्रदर्शनही भरले. अल्बमवर के. एल. नर्सी हे नाव आहे. त्यात मिरवणुका आहेत, लाठ्या आहेत, आणि सर्वांत लक्षात राहतात त्या साध्या साड्यांतील स्वयंसेविका, भर रस्त्यात, पोलिसांसमोर. त्यांच्यातील बहुतेकींची नावे आज कोणालाही सांगता येत नाहीत. चेहरे स्वच्छ आहेत आणि नावे नाहीत, ही त्या बायकांची सुरक्षितता नव्हती, कारण त्या काळच्या पोलिसांना त्या ठाऊक असणारच. विसरलो ते आपण.

मोघम

उद्या ज्यांच्यावर खटला चालू शकतो त्यांची नावे झाकावीत आणि ज्यांना विसरले जाण्याचा धोका अधिक आहे त्यांची लिहावीत, एवढ्यावर आपले जमेल असे वाटते. तरीही हा निर्णय छायाचित्रकाराने घ्यायचा नाही, छायाचित्रातल्याने घ्यायचा.

तिसरा_मजला

हे बरोबर बोललात. आमच्या मजल्यावर विचारलेत तर निम्म्या बायका नाव लिहा म्हणतील आणि उरलेल्या आधी केस विंचरून येतील.

सातचा_भोंगा

धागा शांतपणे वाचत होतो. माझे वडील साचेखात्यात होते. छायाचित्राखाली काय लिहावे यावर इतकी चर्चा झाली, पण गिरणगावात त्याची एक पक्की पद्धत पूर्वीपासून होती, तिची कोणी आठवण काढली नाही म्हणून लिहितो.

कामगारांजवळ कॅमेरे नव्हते. खात्यातले कोणी निवृत्त झाले, किंवा भजनी मंडळाने स्पर्धा जिंकली, की स्टुडिओवाल्याला बोलावून एक समूहचित्र काढले जाई. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या फोटोवर वर गिरणीचे नाव, खाते आणि तारीख छापलेली असे. खाली बारीक अक्षरांत ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’, मग ‘उभे, पहिली रांग’, मग ‘उभे, दुसरी रांग’ अशी प्रत्येकाची आडनावासह नोंद. मध्यभागी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गळ्यात हार, मांडीवर नारळ. पुढे सतरंजीवर बसलेल्या बदली कामगारांचीसुद्धा नावे असत. आमच्या गाळ्यात देवाच्या फळीशेजारी असा एक फोटो होता आणि कोण गेले, कोण गावी परतले, कोणाचा मुलगा कोठे लागला, हे वडील त्या यादीवर बोट ठेवून सांगत.

संपानंतर, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी वडिलांची नोकरी सिद्ध करायची वेळ आली. तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा कागद, विम्याचे कार्ड, यांतले काही मिळाले, काही पुरात गेले होते. एका कार्यालयात मी तो फोटोही नेला. समोरच्या बाईंनी तो नीट पाहिला, त्यांच्याच ओळखीचे एक आडनाव दुसऱ्या रांगेत सापडले म्हणून हसल्या, आणि हा पुरावा धरता येत नाही असे सांगून परत दिला. नियमाने त्यांचे चुकले नसेल. पण अमुक गिरणीच्या अमुक खात्यात अमुक दिवशी ही माणसे होती, असे सांगणारा याहून स्पष्ट कागद माझ्याकडे नाही.

उभी_फ्रेम, आपल्या चिमण्या जरूर लावा. फिनिक्सची चिमणीसुद्धा अजून उभी आहे आणि लोक तिच्यासमोर आनंदाने सेल्फी घेतात. शेजारी असा एखादा समूहफोटो नसेल, तर मांडवातही तसेच सेल्फी घेतले जातील.

अनिवासी_ग्लासगो

ॲनन यांच्या चित्रांत जे नाही ते नेमके हेच. तेथे गल्लीचा क्रमांक आहे, माणसाचे नाव नाही.

उभी_फ्रेम

सर्वांचे आभार मानण्यापूर्वी एक नवा पेच सांगतो. सातचा_भोंगा यांचा प्रतिसाद मी मंडळात वाचून दाखवला. ज्येष्ठ सभासदांनी स्वतःच्या घरातून असाच एक फोटो आणण्याचे कबूल केले आणि आणखी काही घरांत विचारण्याचे ठरले. मी माझी बरीचशी रिकाम्या रस्त्यांची चित्रे बाद करत आहे. प्रत्येक समूहचित्राशेजारी त्या गिरणीच्या जागी आज काय आहे याचे रंगीत छायाचित्र, तितक्याच आकाराचे, आणि दोन्हींखाली त्याच जुन्या पद्धतीची नोंद, अशी मांडणी डोक्यात आहे. परंतु मांडवाच्या कमानीवर यंदा जाहिरात आहे ती त्यांतल्याच एका जागेवर मनोरा बांधणाऱ्या विकासकाची. कोणी अजून हरकत घेतलेली नाही, पण घेतली जाईल.

रंगपेटी

मग दुसरी जागा शोधा. वर्गणीदाराच्या कमानीखालचा निषेध हा उपाहारगृहाच्या भिंतीवरल्या निषेधाचाच भाऊ आहे.

तिसरा_मजला

दुसरी जागा म्हणजे कलादालन ना? तेथे आमच्यातले कोण येणार? मांडवात संबंध वस्ती येते, सोडून गेलेलीसुद्धा त्या दहा दिवसांत कल्याण-डोंबिवलीहून येते. फोटोतली माणसे, त्यांची मुले आणि जाहिरात देणारे एकाच रांगेतून पुढे सरकणार असतील, तर याहून योग्य जागा नाही. हरकत कोणी घेतलीच, तर ती कोणत्या फोटोला घेतली हे मात्र लिहून घ्या.

वकिली_चष्मा

लेखी घ्या. आणि ज्यांचे मूळ फोटो आणणार त्यांना पोच द्या.

सातचा_भोंगा

मूळ फोटो घराबाहेर नेऊच नयेत. आमच्या आईने तर सपशेल नकार दिला आहे. मोबाइलचे स्कॅन चालणार नाही, बारीक नावे फुटतात, तेव्हा कोणाकडे हलका स्कॅनर असेल तर रविवारी घरोघरी फिरता येईल. खाली नावे लिहिताना तिकीट क्रमांकही लिहावेत का, हे ज्यांच्या घरचा फोटो त्यांनाच विचारून ठरवू.

निगेटिव्ह

स्कॅनर माझ्याकडे आहे. भाद्रपदातला पाऊस लक्षात घेऊन छपाई कागदावर न करता सनबोर्डवर करावी आणि नोंदीची अक्षरे चष्मा न लावता वाचता येतील एवढी ठेवावीत. रविवारी सकाळी दहाला करी रोड स्थानकाबाहेर भेटू.

चहाटळ

मी पिशव्या उचलायला येतो. नाश्ता कोठे करायचा ते आधीच ठरवावे, म्हणजे वडापावाचा दर हा प्रश्नही मार्गी लागेल.